थॉर्नबी मास्तरांची खुशाली

वामनतात्यांवर काहीतरी लिहून द्या, असं वैभवीने मला तीनदा सांगितलं. वैभवी आमच्या घिवलीचं वाचनालय बघते. तिसऱ्यांदा तिने वही आणि पेनही आणून दिलं, तेव्हा नाही म्हणता आलं नाही. मी बोईसरला एका कारखान्याच्या गेटवर चौतीस वर्षं होतो. आत आलेल्या ट्रकचा नंबर लिहायचो, बाहेर गेलेल्या ट्रकचा नंबर लिहायचो. त्यापलीकडे माझं लिखाण नाही. तेव्हा कुठे चुकलं तर सोडून द्यावं.

वामन तामोरे म्हणजे आमचे तात्या. वय शहात्तर. एकोणचाळीस वर्षं पोस्टमन होते. सायकलवरून घिवली आणि आजूबाजूची गावं करायचे. पण पोस्टमन म्हणून त्यांची निम्मीच ओळख सांगून होते, कारण पत्र हातात देऊन त्यांचं काम संपत नसे. त्या काळी आमच्याकडे वाचता येणारी माणसं कमी. नवरा, भाऊ, मुलगा बोटीवर खलाशी म्हणून गेलेला, आणि घरी पत्र आलं की बायका तात्यांपुढे पाट मांडायच्या. तात्या चहा प्यायचे, चष्मा पुसायचे आणि पत्र वाचून दाखवायचे.

वाचण्याचे त्यांचे नियम होते. जेवणाआधी वाईट बातमी वाचायची नाही. होडी समुद्रावर निघायची असेल त्या दिवशी ती चालवणाऱ्या तांडेलाच्या घरात वाईट पत्र वाचायचंच नाही. होडी परत लागेपर्यंत ते पत्र तात्यांच्या पिशवीत राहायचं. शिव्या तर कधीच वाचायच्या नाहीत. आणि पोटुशी बाई समोर बसली असेल तर मरण, आजार, भांडण, सगळंच गाळायचं. गाळलेल्या जागी तात्या आपल्या पदरचं घालायचे, "इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी."

चंद्रकांताबायचा किस्सा गावात सगळ्यांना माहीत आहे. तिचा नवरा बोटीवरून महिन्याला एक पत्र पाठवायचा आणि त्यात तिला शिव्या द्यायचा. माझ्या आईला का बोललीस, माझ्या भावाला मासळी का दिली नाहीस, असं. तात्या वाचायचे, "प्रिय चंद्रकांता, तुझी फार आठवण येते." मग ती तात्यांकडून उत्तर लिहवून घ्यायची. तेही गोड. असं दोन वर्षं चाललं. शेवटी नवराच बोट सोडून घरी आला. एवढ्या शिव्या घालूनही बाई लाडाने लिहिते, म्हणजे घरात नक्की काहीतरी शिजतंय, या भीतीने आला, असं लोक म्हणतात. पुढे तो तिच्याशी जन्मभर जपून वागला.

उत्तरं मात्र तात्या इंग्रजीतही लिहायचे. कंपनीच्या पत्त्यावर इंग्रजी पत्र गेलं की बोटीवर लवकर मिळतं, असा तेव्हा गावाचा समज होता. पोरांना मग बोटीवर वाचून दाखवणारा शोधावा लागायचा. तात्यांना इंग्रजीची चार वाक्यं पाठ होती. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. प्रकृतीला जपावे. यंदा मासळी कशी आहे? उत्तर उलट टपाली पाठवावे. या चार वाक्यांवर त्यांनी निम्म्या गावाचे संसार चालवले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

तात्यांचा मुलगा मेहुल. त्याची बायको हेमाली, माहेर पाम गावचं, पालघरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. ती बोईसरच्या एका ऑफिसला लागली. तिथे परदेशातून जुन्या कागदांचे फोटो येतात आणि ते वाचून कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचे असतात. काम घरूनच. पण सहा महिने कच्च्यावर, मग काम बघून पक्कं करणार. त्यातले चार महिने झाले, तेव्हा हेमालीला सातवा महिना लागला होता. पक्की झाली तर बाळंतपणाची रजा मिळणार आणि नोकरी राहणार. नाही झाली तर घरी बसायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पामला जायचा दिवसही ठरलेला. त्याच्या आत सगळं निभायला हवं होतं.

आणि नेमकी तेव्हाच तिच्या वाट्याला आली ती एका अमेरिकन प्रोफेसरची पत्रं. इझिकेल थॉर्नबी नाव. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या एका छोट्या कॉलेजात तो धर्मशास्त्र शिकवायचा. देव, पाप, स्वर्ग, नरक हे त्याचे विषय. आयुष्यभर त्याने पत्रं लिहिली आणि कॉलेजने ती जपून ठेवली. तीनशे बारा पत्रं हेमालीकडे होती.

आणि अक्षर? मी गेटवर सगळ्या देशाच्या ड्रायव्हरांचं अक्षर वाचलंय, पण हे बघून मी हात टेकले. त्यातून तो कागद वाचवायचा. एक पान आडवं लिहून भरलं की तेच पान फिरवून, त्याच ओळींवरून पुन्हा उभं लिहायचा. हेमाली दोन दिवस त्या पहिल्या पानासमोर बसून होती. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तात्या मागून डोकावले. "काय गो, काय झालं?"

"बाबा, हे बघा ना. हे कोण वाचणार?"

तात्यांनी चष्मा पुसला, मान तिरकी केली, मग लॅपटॉपच उचलून आडवा धरला. "हे तं जालं हाय," ते म्हणाले. "पयला आडवा धागा सोडवायचा, मंग उभा." आणि त्यांनी पहिल्या चार ओळी घडाघडा वाचल्या. पत्त्यावर पाण्याने फुटलेली शाई, डॉक्टरांचं अक्षर, वेंगुर्ल्याच्या मावशीने खाली-वर लिहिलेला पिनकोड, हे सगळं एकोणचाळीस वर्षं वाचलेला माणूस तो. शब्दाचा अर्थ कळो न कळो, शब्द मात्र त्यांना दिसायचा. आणि मरण, आजार असले इंग्रजी शब्द तारा वाटून त्यांच्या ओळखीचे होते.

मग रीत पडली. मेहुलने लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडून दिली. पत्र टीव्हीवर मोठं दिसायचं. तात्या हातात जाळं विणायची लाकडी सुई घेऊन उभे राहायचे आणि एकेका शब्दावर ती ठेवत मोठ्याने वाचायचे. हेमाली खुर्चीत पाय वर घेऊन, नजर कीबोर्डवर ठेवून टाइप करायची. सकाळी दहा ते एक. मी शेजारचाच, चहाला जायचो तो तिथेच बसायचो. दारात बोंबील निवडायला चंद्रकांताबाय बसायची, कारण तात्यांच्या पडवीत ऊन चांगलं येतं. तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी. टीव्हीवर मालिकेऐवजी अक्षरांचं जाळं बघत त्या विचारायच्या, "आज मास्तर काय सांगते गो?"

प्रोफेसर हा शब्द दोन दिवसांत गळून गेला. सगळे त्याला थॉर्नबी मास्तर म्हणू लागले.

मास्तरांचं एक भांडण होतं, पिकेट नावाच्या पाद्र्याशी. माणसाचं पाप जन्मापासूनचं की नंतरचं, यावर ते अकरा वर्षं भांडत होते. मास्तरांच्या मते जन्मापासूनचं, म्हणजे तान्हं मूलही पापी. एकाच्या पत्राला दुसऱ्याचं उत्तर यायला तीन-तीन आठवडे.

"भांडाचं तं तोंडावर भांडाचं," चंद्रकांताबाय म्हणायची. "तीन आठवडं थांबून कसलं भांडण? तवर राग कुठं ठेवायचा?"

"कागदावं ठेवतात," तात्या म्हणायचे.

आता मुख्य गोष्टीवर येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी एक पत्र आलं. मास्तरांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला लिहिलेलं. अ‍ॅमॉस त्याचं नाव. तात्यांनी सुरुवात केली, प्रिय अ‍ॅमॉस, वगैरे. मग त्यांची सुई थांबली. मी टीव्हीकडे बघितलं. माझं इंग्रजी बेताचं, पण तात्यांच्या सुईमागून रोज डोळे फिरवून मलाही थोडं थोडं दिसायला लागलं होतं. अ‍ॅमॉसची तान्ही मुलगी मंगळवारी वारली होती. त्याने मास्तरांना विचारलं होतं, तुम्ही वर्गात शिकवलंत त्याप्रमाणे तिचं पुढे काय होणार?

तात्यांनी हेमालीकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं.

"काय झालं बाबा?"

"इथं शाई पसरलीय," तात्या म्हणाले.

"सगळीच?"

"बरीच. हां, हे दिसतंय." आणि सुई हवेत धरून त्यांनी इंग्रजीत वाचलं, "इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. प्रकृतीला जपावे. यंदा मासळी कशी आहे?"

हेमालीने टाइप केलं. शाई कुठेच पसरलेली नव्हती. पान आरशासारखं स्वच्छ होतं. तात्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण मला वेळेवर बोलायची सवय नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, बरंच केलं.

त्यानंतर शाई फार पसरू लागली. मास्तर नरकाचं वर्णन करायला लागले की शाई पसरायची. पिकेटला गाढव म्हणाले की शाई पसरायची. मास्तरांच्या गावात ताप आला, कोणी दगावलं, की पान फाटलेलं निघायचं. तात्या पहिला वाईट शब्द दिसला की तिथेच थांबायचे, पुढचं डोळ्यांनीही वाचायचे नाहीत. आणि मग आपली चार वाक्यं. हेमालीचा वेग वाढला. दिवसाला आठ-आठ पत्रं व्हायला लागली. बोईसरहून तिच्या साहेबांचा, प्रफुल्ल सरांचा, मेसेज आला की काम छान चाललंय. तात्यांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलबी दिली.

"मास्तर मनाचा साधा हाय," चंद्रकांताबाय जिलबी खाताना म्हणाली. "सगल्यांना खुशाली विचारते."

महिनाभराने फोन आला. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकला, मुद्दाम नाही.

"हेमाली मॅडम," प्रफुल्ल सर म्हणाले, "क्लायंटकडून मेल आलाय. कॉलेजच्या बाईंनी तुमच्या कामाची तपासणी केलीय. त्यांचे काही प्रश्न आहेत."

"हो सर."

"त्या विचारतायत, प्रोफेसर थॉर्नबी एकवीस पत्रांत यंदा मासळी कशी आहे असं का विचारतात? त्यांचं कॉलेज समुद्रापासून आठशे मैलांवर आहे."

पडवीतले बोंबील निवडायचे आवाज थांबले.

"दुसरं, ते तीस वर्षं नरक शिकवत होते आणि दीडशे पत्रांत नरक हा शब्द दोनदाच आलाय. तिसरं, एका माणसाची मुलगी वारलीय, त्याला प्रोफेसरांनी सांत्वनाचं पत्र लिहिलंय, त्यातही मासळीच विचारलीय. बाई म्हणतात, मला धक्का बसला. मॅडम, हे तुम्हीच टाइप केलंय ना?"

हेमालीने हळूहळू मान वळवून तात्यांकडे बघितलं. तात्या जाळ्याच्या सुईला लागलेला न दिसणारा धागा काढत होते.

साहेबांनी शेवटी सांगितलं ते असं. सगळी पत्रं पुन्हा तपासून, जसंच्या तसं, तीन आठवड्यांत द्या. पुन्हा एकही मासा निघाला तर पक्कं करायचं विसरा. तीन आठवडे म्हणजे बरोबर पामला जायच्या आदला दिवस.

फोन ठेवून हेमालीने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "बाबा, मासे कुठून आणलेत?"

"वाईट विचारलं का? मासली कशी हाय, एवढंच तं विचारलं."

"ज्याची मुलगी मेली त्याला?"

"तुला कसं वाचून दाखवू गो ते?" तात्यांचा आवाज एकदम चढला. "पोटात लेकरू हाय तुझ्या. तान्ही पोर मेली, ती नरकात जाल का सर्गात, हे मी तुझ्यापुढं वाचू? माझ्यानं नाय व्हायचं. नोकरी गेली तं गेली."

"नोकरी माझी आहे, बाबा."

तात्या उठून पडवीत गेले. मेहुल संध्याकाळी कामावरून आला, त्याने बापाची बाजू घेतली तर बायको रागावली, बायकोची घेतली तर बाप जेवेना. तो मग माझ्याकडे येऊन बसला. मी काय बोलणार? दोघं मिळून क्रिकेट बघितलं.

दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद. तात्या पडवीत उलटीकडे तोंड करून बसलेले. हेमाली आत एकटीच त्या जाळ्याशी झगडत होती. दीड तासात तिच्या तीन ओळी झाल्या, त्यातली एक चुकीची.

चंद्रकांताबायने टोपली बाजूला सारली. "तात्या, एक विचारू?"

"विचार."

"ती पोर रोज हितं माझ्या बाजूला बसते. आमी बोंबील निवडताना काय बोलतो ते तिच्या पोटातलं पोर ऐकते का नाय?"

तात्यांनी तोंड आणखी भिंतीकडे वळवलं.

"काल जिवल्याच्या बायकोला मी काय काय बोलले, तुला ठावं हाय. तुझ्या मास्तरचा नरक त्याच्यापेक्षा गरम हाय का?"

मला हसू आलं, पण तात्यांना आलं नाही.

"ती येगली गोष्ट," ते म्हणाले. "पत्रातलं येगलं. पत्रातलं लागते."

"लागते ना?" चंद्रकांताबायने हात पदराला पुसले. "मंग ऐक. साक्षरतेच्या वर्गात मी वाचाला शिकले, तवा पयलं काय वाचलं, ठावं हाय? माझ्या नवऱ्याची पत्रं. पेटीत होती सगली. सगल्या शिव्या वाचल्या मी. बत्तीस वर्सं झाली त्याला."

तात्यांनी चष्मा काढला. "तू बोलली नायस कधी."

"काय बोलू? तू चांगल्यासाठी केलंस. नवरा पन सुधारला, भिऊन का होईना. पन तात्या, त्याला मी उत्तर देनार होते. तशाच्या तशा शिव्या मला पन येत होत्या. माझ्याकडं तयार होत्या. तू त्या द्यायला दिल्या नायस. दोन वर्सं मी त्याला लाडाचं लिवत बसले, आन तो मेल्यावर मला कळलं का भांडन होतं आमचं." ती थोडं थांबली. "त्या पोरीला ऐकू दे. काय वाटायचं ते तिचं तिला वाटू दे."

मी इतकी वर्षं चंद्रकांताबायला ओळखतो. ती इतकं शांतपणे बोलताना मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. लगेच तिने कावळ्याला एक सणसणीत शिवी घातली आणि टोपली पुढे ओढली.

तात्या उठले. आत गेले. टीव्ही लावल्याचा आवाज आला.

ते तीन आठवडे आमच्याकडे थॉर्नबी मास्तर खरे बोलले. काय बोलले म्हणता! नरकाचं वर्णन दोन पानं चालायचं. तात्या पहिल्या दिवशी अगदी हळू आवाजात वाचत होते, देवळात चप्पल घालून गेल्यासारखे. चौथ्या दिवसापर्यंत त्यांचा आवाज मोकळा झाला. पिकेटला दिलेल्या शिव्या तर ते रंगवून वाचायला लागले. हेमाली टाइप करता करता अर्थ सांगायची.

"म्हणतात, पिकेटसाहेब, तुमचा तर्क एका बाजूने लंगडणाऱ्या खेचरासारखा आहे, फरक इतकाच की खेचर कधीतरी घरी पोचतं."

"हां, हे बरं," चंद्रकांताबाय म्हणाली. "ह्याला म्हनतात मास्तर. पयला तं नुसता खुशाली विचारत बसलेला, बुळचट."

पोटातल्या पोराने नरक फारसा मनावर घेतला नाही. पिकेटच्या पत्रांना मात्र ते लाथा मारायचं, असं हेमाली सांगायची.

अ‍ॅमॉसचं पत्र तात्यांनी बाजूला ठेवलं होतं. रोज म्हणायचे, ते नंतर. शेवटचे तीन दिवस उरले तेव्हा हेमालीनेच ते टीव्हीवर लावलं. म्हणाली, "वाचा बाबा. मी पाणी पिऊन आलेय."

तात्यांनी वाचलं. मुलगी मंगळवारी वारली, तिचं पुढे काय होणार असं तू विचारतोस, इथपर्यंत. सुई थांबली. मग पुढे सरकली. गेल्या वेळी ते इथेच थांबले होते, पुढे त्यांनी पाहिलंच नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं.

हेमालीने त्या दिवशी आम्हाला मराठीत सांगितलं ते मी माझ्या परीने लिहितो. मास्तर म्हणत होते: "तू मला विचारतोस की तीस वर्षं मी वर्गात जे शिकवलं त्याप्रमाणे तिचं काय होणार. अ‍ॅमॉस, तुझ्या मुलीच्या बाबतीत ते माझ्याने म्हणवत नाही. आमची लिडिया गेली, ती चार महिन्यांची होती, तेव्हापासूनच म्हणवत नव्हतं. वर्गात मात्र म्हणत राहिलो, कारण वर्गात कुणाचं मूल मेलेलं नसतं. याबद्दल देव माझं काय करायचं ते करो. पण मुली त्याच्याकडेच आहेत, आणि सुखात आहेत. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. तरी ते मला ठाऊक आहे."

चंद्रकांताबायने नाक पदराला पुसलं. हेमाली रडत होती, पण टाइपही करत होती, म्हणजे ते वाईट रडणं नव्हतं.

तात्या सुई हातात धरून उभे. ती त्या ओळीवर टेकवून म्हणाले, "सगल्या पत्रांत हे एक चांगलं होतं. आन मी ह्याच्यावं मासली घातली."

त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला वाटतं ते फक्त मास्तरांचा विचार करत नव्हते. एकोणचाळीस वर्षांत कितीतरी पत्रं त्यांनी पहिल्या वाईट शब्दापाशी सोडली होती. त्यांच्या पुढे काय काय होतं, हे आता कोणाला विचारणार? मी त्यांना म्हणालो, "तात्या, सगळीच काही अशी नसतील." ते म्हणाले, "नसतील." एवढंच बोलणं झालं.

शेवटच्या दिवशी शेवटचं पत्र उरलं. दुपारी चारपर्यंत सगळं पाठवायचं होतं. मास्तरांनी उतारवयात आपल्या धाकट्या भावाला लिहिलेलं पत्र. तात्यांनी वाचायला घेतलं. संधिवात, थंडी, नवीन प्रिन्सिपल मूर्ख आहे, असं सगळं व्यवस्थित चाललं होतं. उभ्या ओळींत पोचल्यावर तात्यांची सुई थांबली.

"बाबा?"

"नाय."

"काय नाही? शाई पसरली म्हणालात ना, तर मी आताच पामला जाईन."

"शाई नाय पसरली." तात्यांच्या चेहऱ्यावर मी अशी भीती कधी पाहिली नव्हती. "पन तू मला मारशील."

"वाचा."

तात्यांनी डोळे मिटून वाचलं. "यंदा तुमच्याकडे मासळी कशी आहे?"

"बाबा!"

"समुद्राशपत! हितंच हाय! ह्या ओलीत!"

"प्रदीपकाका," हेमालीने मला हाक मारली, "तुम्ही बघा. तुम्ही खोटं बोलत नाही."

मी खोटं बोलत नाही, पण बऱ्याचदा बोलतच नाही, हे तिला माहीत नव्हतं. मी टीव्हीच्या अगदी जवळ गेलो. मेहुल मोबाइलचा टॉर्च घेऊन आला, त्याचा काही उपयोग नव्हता. मी एकेक अक्षर लावलं. मास्तरांचा भाऊ समुद्रकाठच्या गावात राहत होता. यंदा तुमच्याकडे मासळी कशी आहे? नऊ वर्षं झाली, ताजा मासा माझ्या तोंडात गेलेला नाही.

"आहे," मी म्हणालो. "अगदी आहे. पुढे नऊ वर्षं खाल्ला नाही असंही आहे."

"बिचारा," चंद्रकांताबाय म्हणाली.

साडेतीन वाजले होते. मेहुल म्हणाला, "हेमाली, काढून टाक ती ओळ. एका ओळीने काय होतंय? साहेबांनी सांगितलंय, एक मासा निघाला तर संपलं. खरंय हे कोण मानेल?"

हेमालीने तात्यांकडे बघितलं. त्यांना बोलायचा हक्क राहिला नव्हता, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिने मग कीबोर्ड जवळ ओढला आणि ती ओळ टाइप केली. नऊ वर्षांसकट.

"लिहिलंय ना त्यांनी?" ती म्हणाली. "मग झालं."

साडेपाचला फोन आला. प्रफुल्ल सरांचाच. म्हणाले, "मॅडम, परत मासे?"

"सर, पत्र नंबर तीनशे बारा, दुसरं पान, उभी सातवी ओळ. मोठं करून बघा."

तिकडे माऊस टकटकल्याचा आवाज आला. मग "थांबा, मी तिकडे पाठवतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात होती. हेमालीच्या पिशव्या भरून झाल्या होत्या. मेहुल दर पाच मिनिटांनी चल चल म्हणत होता आणि हेमाली मोबाइल हातातून सोडत नव्हती. रिक्षावाला दोनदा उतरून चढला. पावणेअकराला मेल आला. अमेरिकेच्या बाईंचा, आणि वर प्रफुल्ल सरांच्या दोन ओळी.

"मोठ्यानं वाच," तात्या म्हणाले. ते चष्मा आत विसरले होते. "मराठीत सांग. काय गालू नको."

हेमाली पडवीच्या कठड्याला टेकली. मी तिच्या मागेच उभा होतो, पिशवी धरून. ती वाचायला लागली. काम पास झालं आहे. नोकरी पक्की, रजा मंजूर. चंद्रकांताबायने आत बघून देवाला हात जोडले. मग बाईंचं पत्र. अ‍ॅमॉसला लिहिलेलं ते पत्र आजवर कोणालाही पूर्ण वाचता आलं नव्हतं. इथले सगळे प्रोफेसर ते वाचायला रांग लावून आहेत. थॉर्नबी यांना सगळे दगडाच्या काळजाचे समजत होते. आणि मासळीची ओळ आम्ही तिघांनी भिंगातून पाहिली. ती खरी आहे. आम्ही तुमची माफी मागतो.

"हां!" तात्या ओरडले. "सांगत होतो का नाय? पत्र लिवनारा मानूस कंदी तरी मासली विचारतोच. पुढं?"

पुढे आणखी एक परिच्छेद होता. मी तो पडद्यावर पाहिला. लिहिलं होतं की चौकशीत असं समजलं आहे की आपल्या घरातील एक वृद्ध गृहस्थ या कामात सहभागी असतात. आमच्या नियमानुसार हे चालणार नाही. यापुढचं काम आपण एकटीनेच, ऑफिसात बसून करावं.

हेमाली थांबली. तिने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. तात्या मान पुढे काढून वाट बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "इथे शाई पसरलीय."

"मोबाइलात?"

"हो. बरीच." ती डोळे न हलवता पुढे वाचू लागली. "हां, हे दिसतंय. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. प्रकृतीला जपावे. यंदा मासळी कशी आहे?"

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी या वेळी पिशवीत बघितलं. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

तात्यांनी हेमालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उलट टपाली कलव त्यांना. म्हनावं, यंदा बोंबील बरा हाय."